फडातला नाच्या आणि सेतू केंद्रातला अर्ज
आमच्या भंडारा जिल्ह्यात खडी गंमत या लोकनाट्यात लुगडे नेसून नाचणाऱ्या पुरुषाला गाव रात्रभर डोक्यावर घेते, पण तोच सकाळी धानाच्या बांधीवर जरा हळुवार बोलला की त्याची टवाळी सुरू होते. समलिंगी असल्यामुळे ही दुटप्पी माया माझ्याही वाट्याला आली आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून वगळले, तेव्हा गावात चर्चा धानावरच्या तुडतुडा किडीची होती (आणि तीही महत्त्वाचीच होती).

मुंबई-पुण्याकडचे कार्यकर्ते ‘घरी सांगून टाक’ म्हणतात, तेव्हा स्वतंत्र पगार आणि भाड्याची खोली गृहीत धरतात. आमच्याकडे सातबारा वडिलांच्या नावावर असतो, बहिणीचे लग्न व्हायचे असते आणि ‘काहून रे बाबू, पोरगी पाहाची नाई का?’ असे विचारणारी मामी प्रत्येक मांडवात हजर असते. नागपुरात 2016 मध्ये समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींचा प्राइड मोर्चा निघाला, तो त्यामानाने जवळचा वाटला. शहराच्या गर्दीत ओळखणारे कोणी नसते, हेही त्याचे कारण.

तृतीयपंथी व्यक्तींची अडचण याहून बिकट आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे ओळखपत्र जिल्हाधिकारी देतात, परंतु ऑनलाइन अर्ज भरायला गावातल्या सेतू केंद्रात बसले की रांगेतले चार जण पडद्यावरचा मजकूर वाचतात. त्यामुळे असे अर्ज आम्ही तालुक्याला, मित्राच्या खोलीत, मोबाइलवरच भरतो.