जीपीओच्या समोरचा फुटपाथ

डब्लिनच्या ओ'कॉनेल स्ट्रीटवर जनरल पोस्ट ऑफिसच्या खांबांवर गोळ्यांच्या खुणा शोधणं हा पर्यटकांचा आवडता उद्योग आहे. मीही तो मनापासून केला. खुणा आहेत, त्यांवर बोट फिरवून फोटोही काढता येतो. इमारत नुसती स्मारक म्हणून उभी नाही, आत पोस्टाचा कारभार चालू आहे. २४ एप्रिल १९१६, ईस्टरच्या सोमवारी ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेल्या बंडवाल्यांनी ही इमारत ताब्यात घेतली आणि त्यांचा पुढारी पॅट्रिक पिअर्सने बाहेर येऊन आयर्लंड प्रजासत्ताक झाल्याचा जाहीरनामा वाचला. पुढचे सहा दिवस शहरात लढाई चालली, २९ तारखेला शरणागती झाली आणि मे महिन्यात पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. एवढी गोष्ट तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

माझं लक्ष मात्र रस्त्यापलीकडे होतं. मी पाठ फिरवून समोरच्या फुटपाथकडे निघाले तेव्हा भाचा वैतागला. "अगं मावशी, तिकडे काय ठेवलंय? नुसती दुकानं आहेत." दुकानंच बघायची होती मला. आदल्या दिवशी ज्या पायी सफरीला गेलो होतो, तिथल्या गाइडने जाता जाता एक वाक्य टाकलं होतं: बंड सुरू झालं आणि डब्लिनच्या गरिबांनी सगळ्यात आधी मिठाईचं दुकान फोडलं. सगळे हसले, मीही हसले. मग रात्री झोप येईना, म्हणून वाचत बसले.

तेव्हा या रस्त्याचं नाव सॅकव्हिल स्ट्रीट. आज जिथे १२० मीटर उंचीची ती चकचकीत स्टीलची सुई उभी आहे, तिथे नेल्सनचा स्तंभ होता. सोमवारी दुपारी ब्रिटिश घोडदळाची एक तुकडी रस्त्याने आली, बंडवाल्यांनी गोळ्या झाडल्या, घोडे तिथेच पडले आणि पुढचे काही दिवस तसेच पडून राहिले. डब्लिनचे पोलीस बिनशस्त्र गस्त घालत. त्यांचे शिपाई मारले जाऊ लागल्यावर वरिष्ठांनी सगळ्यांना रस्त्यावरून काढून घेतलं. म्हणजे शहरातल्या सगळ्यात श्रीमंत बाजारपेठेत दिवसाढवळ्या एकही पोलीस नाही, आणि पाच मिनिटांच्या अंतरावर युरोपातल्या सर्वांत दाट, सर्वांत कंगाल वस्त्यांपैकी एक. पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

स्तंभाजवळ, नॉर्थ अर्ल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर नॉब्लेट्स नावाचं मिठाईचं दुकान होतं. सुरुवात तिथूनच झाली. काच फुटली, पोरं आत घुसली. मग पादत्राणांची दुकानं, टोप्यांची, कापडाची, दागिन्यांची. त्या आठवड्याच्या आठवणी अनेकांनी लिहून ठेवल्यात आणि त्यांतली दृश्यं डोळ्यांपुढून हलत नाहीत. बायका फुटपाथवर बसून बूट पायात घालून बघतायत, एका पायाला होतोय, दुसऱ्याला होत नाही, मग परत आत. पोरांच्या डोक्यावर उंच रेशमी टोप्या, अंगात फुटबॉलच्या जर्सी, हातात गोल्फच्या काठ्या आणि भर रस्त्यात गोल्फचा डाव. रस्त्याच्या वरच्या टोकाला लॉरेन्स यांचं खेळण्यांचं आणि फोटोग्राफीचं मोठं दुकान होतं. तिथे फटाके सापडले. ढीग रस्त्यावर आणून पेटवला तेव्हा बाण चहूकडे सुटले. पोस्टात खिडक्यांना वाळूची पोती लावून, मरणाच्या तयारीने बसलेले लोक आत, आणि बाहेर आतषबाजी.

आज त्या कोपऱ्यावर जेम्स जॉइसचा काठी टेकलेला पुतळा आहे आणि लोक त्याला खेटून सेल्फी काढतात. नॉब्लेट्सची पाटी दिसते का म्हणून मी बराच वेळ भटकले. मला तरी दिसली नाही. समोर क्लेरीजची देखणी इमारत आहे, पण ती आगीनंतर नव्याने बांधलेली. मूळची १९१६ मध्येच जळाली.

तिथून हेन्रिएटा स्ट्रीट पायी पंधरा मिनिटं. उत्तर डब्लिनमधला हा छोटासा चढ अठराव्या शतकात सरदार-दरकदारांसाठी बांधला गेला. १८०१ मध्ये डब्लिनची पार्लमेंट बंद होऊन कारभार लंडनला गेला, त्याच्यामागे पैसेवालेही हळूहळू गेले आणि वाडे घरमालकांच्या हाती पडले. त्यांनी दिवाणखान्यांत लाकडी पडद्या घालून खोल्या पाडल्या आणि त्या आठवड्याच्या भाड्याने दिल्या. १४ क्रमांकाच्या घरात २०१८ पासून संग्रहालय आहे. १९११ च्या जनगणनेत या एका घरात १७ कुटुंबं होती, माणसं १००. वर नक्षीदार छत, खाली त्याच खोलीत चूल, बिछाना, बाळंतपण आणि प्रेत. पाणी अंगणातून बादल्यांनी वर आणायचं, मैला बादल्यांनी खाली न्यायचा. गिरणगावातल्या चाळीत वाढलेल्या माझ्या सासूबाई हे ऐकून म्हणाल्या असत्या, की आमच्याकडे निदान मजल्यावर नळ तरी होता.

जिन्याच्या भिंती लाल आणि गडद निळ्या. निळा रंग पाहून मी थबकले, कारण तो ओळखीचा वाटला. गाइडबाईंनी सांगितलं की ही रेकिटची नीळ, कपड्यांना घालायची. ती चुन्यात कालवून भिंतींना फासत. आपल्याकडे रॉबिन ब्लू म्हणून विकली जाते ती त्याच कंपनीची. स्वस्त आणि ढेकूण-किड्यांना दूर ठेवते असा समज. पोपडे उडालेत तिथे खालचे थर दिसतात, आणि त्या भिंतीला हात लावायला मनाई आहे हे बरंच आहे, कारण माझा हात जवळजवळ पोचला होता.

१९१३ च्या सप्टेंबरात चर्च स्ट्रीटवर अशीच दोन घरं कोसळून सात माणसं मेली. त्याच सुमारास मालकांनी संघटनेत गेलेल्या हजारो कामगारांना कामावरून बाहेर काढलं होतं आणि ती टाळेबंदी पुढचे काही महिने चालली. घरं कोसळल्यावर चौकशी नेमली गेली. तिचा १९१४ चा अहवाल सांगतो, शहरातल्या अशा घरांत २५,८२२ कुटुंबं राहत होती आणि त्यांपैकी २०,१०८ कुटुंबांचा संसार एकाच खोलीत होता. घरमालकांच्या यादीत नगरपालिकेचे काही सभासदही निघाले. आता बोला.

तर सॅकव्हिल स्ट्रीटवरचे लोक इथून आले. या गल्ल्यांतल्या बायकांना ती दुकानं पाठ होती, पण काचेच्या बाहेरून. लुटीच्या यादीत मिठाई आधी आणि भाकरी नाही, यावर तेव्हाच्या सभ्य लोकांनी बरंच तोंडसुख घेतलं. मला त्यात विसंगती दिसत नाही. सोमवारी त्यांची उपासमार रोजच्याइतकीच होती. पावाचा खरा तुटवडा नंतर आला, कारण बोलंड्सची बेकरी बंडवाल्यांच्या ताब्यात गेली, जेकब्सचा बिस्किटांचा कारखानाही गेला आणि बाहेरून माल येणं थांबलं. आठवड्याच्या शेवटी लोक पिठासाठी रांगा लावत होते. पण पहिल्या दिवशी जे उचललं गेलं ते भूक भागवायला नव्हे, तर आयुष्यात कधी वाट्याला न आलेलं. अनवाणी पोराला बूट दिसला तर तो बूटच उचलणार.

यांतल्या कितीतरी बायकांचे नवरे आणि मुलं त्याच वेळी ब्रिटिश सैन्यात होती. देशप्रेम वगैरे असेलही, पण डब्लिनच्या गरिबाला सैन्यातली नोकरी म्हणजे घरी दर आठवड्याला येणारा भत्ता. तो पोस्टातून मिळायचा, आणि आता मुख्य पोस्टावरच बंडवाले बसलेले. त्या बायकांनी बंडवाल्यांना शिव्या घातल्या, शरणागतीनंतर त्यांच्यावर सडकं-कुजकं फेकलं. पुढे इतिहास लिहिताना या बायका अडचणीच्या ठरल्या. त्याच आठवड्यात, २७ एप्रिलपासून, फ्रान्समध्ये हलुखला जर्मनांनी ब्रिटिश सैन्यातल्या १६ व्या आयरिश डिव्हिजनवर विषारी वायू सोडला. पाचशेच्या वर माणसं गेली, त्यांत डब्लिन फ्यूझिलिअर्स या पलटणीतले कितीतरी. म्हणजे इकडे जी बाई भत्त्यासाठी भांडत होती, ती कदाचित तोवर विधवा झालेली होती.

बंडवाल्यांना या लुटीची भयंकर लाज वाटत होती. त्यांनी डोक्यांवरून गोळ्या झाडून पाहिल्या, पाणी मारून पाहिलं, काठ्या घेऊन माणसं पाठवली. जवळच्या कॅथीड्रलमधले पाद्री येऊन समजावून गेले. लोक एका दुकानातून निघून दुसऱ्यात शिरले. मंगळवारी पिअर्सने नागरिकांसाठी दुसरं पत्रक वाचलं. त्यात त्याने जाहीर केलं की जी काही लूट झाली ती ब्रिटिश सैन्याच्या आश्रितांनी केलेली आहे, आणि आयर्लंडने आपली नवी इभ्रत डागाळू देता कामा नये. हे वाचून मला राग आला, अजूनही येतो. आदल्याच दिवशी ज्या जाहीरनाम्यात राष्ट्राच्या सर्व लेकरांना समान मायेने वागवण्याचं वचन दिलं होतं (ते मुख्यतः धर्मभेदाबद्दल होतं, हे मान्य), त्यातली काही लेकरं समोर मिठाई खात होती, आणि चोवीस तासांत ती परक्यांची ठरली. आपल्याकडेही मोर्चात शिरलेली 'बाहेरची माणसं' दर वेळी सापडतात, तशातलाच प्रकार.

लूट थांबवायला एक माणूस मात्र मनापासून धडपडला, आणि त्याची गोष्ट पोर्टोबेलोच्या पुलावर जाऊनच वाचावी. फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन. दाढीवाला, आखूड विजार घालणारा, शाकाहारी, शांततावादी, बायकांच्या मताधिकारासाठी भांडणारा. लग्नानंतर बायकोचं आडनाव स्वतःच्या नावाला जोडलेला. शहर त्याला अर्धवट समजत असे. त्याने नागरिकांचं बिनशस्त्र पथक उभारायचं ठरवलं, मंगळवारी संध्याकाळी सभा बोलावली. जेमतेम काही माणसं आली. तो रॅथमाइन्सच्या घराकडे चालत निघाला, आणि कालव्यावरच्या या पुलावर सैनिकांनी त्याला पकडलं. त्या रात्री कॅप्टन बोवेन-कोल्थर्स्ट त्याला ओलीस म्हणून छाप्यावर घेऊन गेला, वाटेत त्याच्यादेखत एका पोराला गोळी घातली, आणि बुधवारी सकाळी बराकीच्या आवारात त्यालाही, दोन पत्रकारांबरोबर, चौकशीविना उडवलं. पुढे लष्करी न्यायालयाने कॅप्टनला दोषी पण वेडा ठरवलं. पूल आज साधाच आहे. संध्याकाळी कालव्याकाठी बिअरचे डबे घेऊन पोरं बसलेली असतात. दोन-तीन राजहंस होते आणि त्यांतल्या एकाने भाच्याच्या सँडविचवर डोळा ठेवला होता.

आता थोडं आपल्या घरचं. शुक्रवारी, २८ एप्रिलला पोस्ट ऑफिस पेटलेलं होतं आणि पिअर्स, त्याच्या बरोबरीचा पुढारी कॉनॉली आणि मंडळी गोळ्या चुकवत मूर स्ट्रीटच्या गल्ल्यांत शिरत होती. नेमक्या त्याच दिवशी बेळगावात टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. नाव आयर्लंडकडूनच घेतलेलं, मार्ग सनदशीर. ज्या देशाचा नमुना समोर ठेवला होता, तिथे त्याच आठवड्यात दुसराच मार्ग धरला गेला होता.

लढाईत एकंदर ४८५ माणसं मेल्याचं मोजलं गेलंय. निम्म्याहून जास्त सामान्य नागरिक, आणि त्यांत ४० मुलं. काही खिडकीत उभी होती, काही रस्त्यावर, काही खरोखर दुकानांपाशी. ब्रिटिश तोफांनी आणि आगीने सॅकव्हिल स्ट्रीटचा खालचा भाग राख केला, त्यामुळे कुठला माल लुटला आणि कुठला जळाला याचा हिशोब लावणंच कठीण झालं. नंतर पोलिसांनी गरीब वस्त्यांमधल्या खोल्या झडतीला घेतल्या. चारशेच्या वर लोकांवर लुटीचे खटले चालले. दुकानदारांसाठी सरकारने नुकसानभरपाईची समिती बसवली, कारण विमा कंपन्यांनी बंडाचं नुकसान आमच्याकडे येत नाही म्हणून हात झटकले होते. या समितीचे कागद आता आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर फुकट ठेवलेत. मी भाच्याच्या सोफ्यावर बसून ते उघडले, आणि दोन तास कसे गेले कळलं नाही. मोठी दुकानं तर आहेतच, पण छोटे धंदेवाले आणि तिथे काम करणारी माणसंही आहेत, जळालेल्या कपड्यांची आणि सामानाची किंमत लावून मागणारी.

म्हणून लुटणाऱ्यांना बिचारे क्रांतिकारक ठरवायची हल्लीची फॅशनही मला पटत नाही. ज्या दुकानातले बूट गेले, तिथे बूट विकणारी पोरगीही याच गल्ल्यांतली असू शकते, आणि पुढच्या सोमवारी तिला कामावर जायला दुकानच उरलं नव्हतं. पण बंडाच्या संग्रहालयात बंदुकींना चार दालनं आणि या सगळ्यांना एक फलक, हे माप काही बरोबर नाही.

डब्लिनला जाणार असाल तर आधी हेन्रिएटा स्ट्रीट करा, मग जीपीओ. १४ नंबरच्या घरात फक्त गाइडबरोबर सोडतात, माणसं मोजकी घेतात, तेव्हा तिकीट आधी काढून ठेवा. जिने पुष्कळ आहेत, गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा. परत येताना मूर स्ट्रीटवरून या. जिथे शरणागतीचा निर्णय झाला ती घरं तिथेच आहेत, आणि समोर भाजीवाल्या बायका ओरडून ओरडून फळं विकतात. भाव करायला जाऊ नका. मी गेले, आणि जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.