ताट नंबर ५७

शाळेच्या महोत्सव समितीकडून फोन आला, ‘शाळेनं तुम्हाला काय दिलं यावर दोन पानं लिहून द्या.’ शाळेनं पहिल्याच दिवशी काय दिलं ते मला नीट आठवतं. एक जर्मनचं ताट, एक वाटी, एक पेला, एक सतरंजी आणि एक घोंगडी. जून १९७१, मी पाचवीत. ताटाच्या काठावर खिळ्यानं ठोकून आकडा काढला होता, ५७. बोर्डिंगच्या मेट्रनबाईंनी वहीत माझ्या नावापुढं तोच आकडा लिहिला आणि म्हणाल्या, “परीक्षा झाली की हे सगळं होतं तसं परत करायचं.” माझे वडील नेवाशाकडच्या एका खेड्यात सालगडी होते. घरी आम्ही भावंडं एकाच परातीत जेवायचो. माझं म्हणावं असं पहिलं ताट मिळालं, आणि तेही माझं नव्हतं.

दर शनिवारी दुपारी तपासणी असायची. नखं, कान, मान, केसांतल्या उवा आणि सगळ्यात शेवटी टाचा. टाचेला भेगा दिसल्या की बाई कोमट पाण्यात पाय बुडवून बसवायच्या, खरखरीत दगडानं घासायला लावायच्या आणि वर खोबरेल. त्या काळी मला तो छळ वाटे. गावाकडं कुणाच्या टाचांना भेगा नव्हत्या? त्याशिवाय पाय असतो हेच मला माहीत नव्हतं.

पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. आम्हाला बोर्डिंगमध्ये लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी. विहिरीनं तळ गाठला तेव्हा अंघोळ आठवड्यातून एकदाच आणि रोज सकाळी प्रत्येकीला एक तांब्या पाणी. त्या एका तांब्यात काय काय धुवायचं याचा क्रम बाईंनी ठरवून दिला होता. आधी तोंड, मग मान, मग काखा, शेवटी पाय, आणि पायाखालचं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला. ते झाड त्या उन्हाळ्यात जगलं.

रविवारच्या शाळेला बायबलमधलं एक वचन तोंडपाठ करावं लागे. करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय. तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, ‘तुम्ही स्वतःचे मालक नाही’, म्हणून आपल्या शरीरानं देवाचं गौरव करा. (पौलानं हे जारकर्माविषयी लिहिताना म्हटलं आहे, हे मी पुढं मोठी झाल्यावर वाचलं. त्याआधीच्या ओळी आम्हाला पाठांतराला दिल्या नव्हत्या.) आमच्यातल्या एकीनं विचारलं, “बाई, मालक नाही म्हणजे?” बाईंच्या हातात तेव्हा घासलेल्या ताटांची चळत होती. त्यांनी वरचं ताट उचललं.

“हे कुणाचं?”

“बोर्डिंगचं.”

“मग आपटून पोचे पाडायचे का?”

“नाही बाई.”

“झालं तर.”

एवढंच त्यांचं प्रवचन. नवीन मुली रात्री रडून रडून जेवत नसत, त्यांनाही त्या एकच गोष्ट सांगत, याईराच्या मुलीची. बारा वर्षांची मुलगी मेलेली, घरात आकांत. येशूनं तिचा हात धरून तिला उठवलं आणि लगेच आईबापांना काय सांगितलं? प्रार्थना करा नाही, साक्ष द्या नाही. म्हणाला, तिला खायला द्या. “मेलेली उठली तरी भूक लागते. तू तर जिवंत आहेस, चल.” आणि ती पोरगी उठायची.

पण एक गोष्ट आम्ही रोज बघत होतो आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं. बाई स्वतः सगळ्यांच्या मागून जेवत. दुष्काळात तर भांड्याला लागलेलं खरवडून. त्यांच्या स्वतःच्या टाचांत बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. कंबर धरली तरी बसत नसत. कुणी काही म्हटलं की, “माझं काय, देह मातीचाच.” त्यांनी शिकवलं एक आणि आम्ही पाहिलं दुसरं. पोरी पाहिलेलंच शिकतात.

शाळा संपल्यावर मी मिरजेला नर्सिंगला गेले. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं ते हॉस्पिटल. तिथल्या जुन्या सिस्टर मिरजेजवळच्या वॉन्लेसवाडीच्या क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियमच्या गोष्टी सांगायच्या. क्षयावर औषधच निघालं नव्हतं तेव्हा उपचार काय, तर मोकळी हवा, दूध-अंडी आणि पडून राहणं. महिनोन् महिने पडून राहणं. खेड्यातल्या माणसाला ते पटायचं नाही. धडधाकट दिसतोय आणि झोपून राहा म्हणतात, लोक काय म्हणतील! विश्रांती हेसुद्धा औषध म्हणून लिहून द्यावं लागतं, हे मी तिथं ऐकलं आणि दुसऱ्यांसाठी लक्षात ठेवलं.

शिकत असताना काही दिवस आम्हाला कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात नेलं. तोवर माझी समजूत होती की या रोगात बोटं झडून पडतात. तसं नसतं. तमिळनाडूतल्या वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड या सर्जननी हे दाखवून दिलं होतं. नसा मेल्या की दुखणं कळत नाही, दुखत नाही म्हणून माणूस चटका लागलेला हात मागं घेत नाही, काटा रुतलेल्या पायावर तसाच चालतो, आणि त्या जखमांनी बोटं जातात. म्हणून आम्ही रुग्णांना रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवायला बसवायचो, कडक झालेली कातडी घासायचो, तेल लावायचो. मला हसू आलं. ही तर मेट्रनबाईंची शनिवारची तपासणी! मी रुग्णांना ठसक्यात सांगायची, “पायावर विश्वास ठेवू नका, रोज डोळ्यांनी बघा.”

पुढं सरकारी नोकरी, बदल्या, लग्न, दोन मुलं, सासूबाईंचं पाच वर्षांचं अंथरूण. २००५ साली मला साखर निघाली. गोळ्या आठवतील तेव्हा घ्यायची. रात्रपाळीत चहा-बिस्किटं हेच जेवण. चर्चच्या मंडळीत लोक म्हणायचे, सिस्टर म्हणजे सेवेची मूर्ती, स्वतःकडं बघतच नाहीत. मला ते गोड लागायचं. साखरेपेक्षा तेच जास्त गोड.

२००९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रपाळी होती. दोनच्या सुमाराला वॉर्डच्या फरशीवर लाल डाग दिसले, एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत सारख्या अंतरावर. मी वॉर्डबॉयवर ओरडले, “कुणाचं रक्त सांडलंय हे? आधी पुस!” तो फडकं घेऊन आला. पुसत पुसत माझ्यापर्यंत आला आणि वर बघून म्हणाला, “सिस्टर, तुमचंच आहे.” चपलेच्या तळातून खिळा वर आला होता. किती तास मी त्यावर चालत होते, मला माहीत नाही. काही म्हणजे काही दुखलं नव्हतं. साखरेनंही पायाच्या नसा मरतात.

उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. तीन महिन्यांची सरासरी साखर अकराच्या वर, म्हणजे फारच चढलेली होती. दीड महिना मी घरी पडून होते आणि पहिले आठ दिवस देवाशी भांडत होते. एवढी सेवा केली, त्याचं हे फळ? मग आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, भेटायला आले. मी म्हटलं, आता प्रार्थना करा. ते म्हणाले, “जेवलात का?” मी नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढली. रतामाच्या झुडपाखाली तो मरण मागत पडला होता. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा चंबू दिला, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. मग कुठं तो होरेब डोंगराची वाट चालला. माझ्या सुनेनं तेवढ्यात ज्वारीची भाकरी आणि मेथी आणून ठेवली. पाळकसाहेब मी शेवटचा घास खाईपर्यंत बसून राहिले, आणि प्रार्थना मग केली.

त्या दीड महिन्यात मला ५७ नंबरचं ताट रोज आठवलं. ‘तुम्ही स्वतःचे मालक नाही’ हे वाक्य मी तीस वर्षं उलटं वाचत आले होते. मालक नाही, म्हणजे झिजवा, वापरून टाका, आपलं काय जातंय! बोर्डिंगच्या ताटाला मी कधी साधा ओरखडा येऊ दिला नव्हता. आणि हे ताट? मार्च महिना आल्यावर हे कुठल्या तोंडानं परत करणार होते मी? मेट्रनबाईंचा मला रागही आला, खोटं कशाला बोलू. त्यांनी एकदा तरी आमच्यादेखत आमच्याबरोबर गरम जेवायला हवं होतं.

आता रोज रात्री मी आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघते. अंघोळीचं पाणी आधी कोपरानं तपासते. घरातही अनवाणी चालत नाही, एमसीआरच्या, म्हणजे खास मऊ रबराच्या चपला असतात. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, उपवास धरत नाही. दुपारच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी ‘मला तहान लागली आहे’ हा आला की मी पर्समधल्या बाटलीतलं घोटभर पाणी पिते, कुणी बघितलं तरी. गेल्या वर्षी चपला घालूनच उपासनेला आत बसले तेव्हा एक आजी कुजबुजल्या, “मंदिरात चपला?” मी नुसती ओशाळून हसले. ‘आजी, दोन मंदिरं आहेत, एकाला दुसऱ्यात घेऊन आलेय,’ हे उत्तर घरी पोचल्यावर सुचलं. तसं ते बोलले नाही हेच बरं झालं.

महोत्सवाला मी येणार आहे. आमच्या बॅचच्या नऊजणींशी फोनवर बोलणं झालं, त्यांतल्या सहाजणींना साखर आहे. म्हणून समितीला विनंती, भाषणं कितीही होऊ द्यात, पण जेवण एकच्या आत वाढा. आणि उपासना पटांगणात उन्हात ठेवणार असाल, तर मी चपला काढणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.