पावसाआधी खिडक्यांचे सांधे भरून घेताना: सामान, खर्च आणि कामाचा क्रम

ठाण्यात चौथ्या मजल्यावरच्या घराच्या पाच खिडक्यांचे बाहेरचे सांधे मे महिन्यात नव्याने भरून घेतले. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, भोवती ग्रॅनाइटची चौकट आणि त्यापलीकडे प्लास्टर, अशी रचना मुंबई-ठाण्याकडे सर्रास असते. त्यामुळे इथले आकडे आणि क्रम बऱ्याच जणांच्या उपयोगी पडतील.

खिडकीखालच्या भिंतीचे पोपडे निघू लागले की सिलिकॉनची नळी आणून दिसेल त्या फटीवर ओढायची, असं बहुतेक ठिकाणी चालतं. पण पाणी नेमकं कुठून येतंय हे आधी कळायला हवं. या खिडक्यांना बाहेरून दोन सांधे असतात. एक अॅल्युमिनियमची फ्रेम आणि ग्रॅनाइट यांच्यातला, दुसरा ग्रॅनाइट आणि प्लास्टर यांच्यातला. दुसऱ्यात बांधकामाच्या वेळी व्हाइट सिमेंट भरलेलं असतं आणि खरी गळती बहुधा तिथूनच होते, कारण सिमेंट ताणलं जात नाही. पहिल्या सांध्यात हालचाल आणखी जास्त: दीड मीटर अॅल्युमिनियम तापमानात ३० अंशांचा फरक पडला की सुमारे एक मिलिमीटरने लांबतं. ते दरवर्षी झेलणारा सांधा लवचीकच हवा.

तिसरी जागा म्हणजे खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाने असलेली पाणी निघायची भोकं. जोराच्या पावसात ट्रॅकमध्ये पाणी येणारच, आणि ते बाहेर जावं म्हणूनच ती ठेवलेली असतात. आमच्या दोन खिडक्यांची भोकं आधीच्या कारागिराने सिलिकॉनने बुजवून टाकली होती. मग पाणी ट्रॅकच्या आतल्या कडेवरून खोलीत उतरत होतं. तारेने ती मोकळी केल्यावर त्यातल्या एका खिडकीची निम्मी तक्रार तिथेच मिटली.

तपासणी पाइपने पाणी मारून करावी आणि खालून वर जावं. आधी खालचा सांधा, मग बाजूचे, शेवटी वरचा. प्रत्येक जागी दहा मिनिटं. आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं. वरून सुरुवात केली तर सगळं पाणी खाली ओघळतं आणि काहीच कळत नाही.

आता सामान. दुकानात सगळ्यात स्वस्त मिळतं ते व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन. काचेला ते चांगलं. सिमेंट, प्लास्टर, संगमरवर यांना लावू नये. त्यातून सुटणारं आम्ल चुनखडीच्या घटकांशी क्रिया करतं आणि पकड सुटते. फ्रेम-ग्रॅनाइटच्या सांध्याला न्यूट्रल, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं सिलिकॉन मागावं, तेही दगडावर डाग न पडणारं. साध्या सिलिकॉनमधलं तेल दगडात झिरपून सांध्याच्या कडेने काळपट पट्टा उमटतो आणि तो जात नाही. ग्रॅनाइट-प्लास्टरच्या सांध्याला मी पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं सीलंट (सांधा भरायचा लवचीक माल) घेतलं, कारण सिलिकॉनवर रंग बसत नाही आणि पीयूवर बसतो. पीयू उन्हात पिवळं पडून भुरभुरतं, म्हणून त्यावर बाहेरचा रंग चढवायलाच हवा. घेताना नळीवरची उत्पादनाची तारीख वाचावी. जुना माल नीट सुकत नाही.

किती लागेल याचा हिशेब सोपा आहे: रुंदी गुणिले खोली गुणिले लांबी. पाच खिडक्यांचा फ्रेमभोवतीचा घेर ८२ फूट, म्हणजे २५ मीटर. सांधा ६ बाय ६ मिलिमीटर धरला तर ९०० मिलिलिटर होतात. वाया जाणारं धरून ३०० मिलिलिटरच्या चार नळ्या आणल्या. ग्रॅनाइट-प्लास्टरचा सांधा ९२ फूट, म्हणजे २८ मीटर. खरवडल्यावर १० मिलिमीटर रुंद निघाला, खोली ६ ठेवली. त्याचे १,६८० मिलिलिटर, म्हणून ६०० मिलिलिटरच्या चार पिशव्या. या पिशव्यांना बंद नळकांड्याची वेगळी गन लागते, ती कारागिरांकडे होती.

मला पडलेले भाव असे: न्यूट्रल सिलिकॉन नळीला ३५० रुपये, म्हणजे १,४००. पीयू पिशवीला ५५०, म्हणजे २,२००. फोमची गोल दोरी, म्हणजे बॅकर रॉड, ३० मीटर २४० रुपयांना. मास्किंग टेपचे सहा रोल २७०. आयसोप्रोपिल अल्कोहोल लिटरभर २५०, प्लास्टरसाठी प्रायमर ४००, कटरची पाती वगैरे १००. सामानाचे एकूण ४,८६० रुपये. मजुरी फुटाला ४५ रुपये, दोन्ही सांधे मोजून १७४ फुटांचे ७,८३०. सगळं मिळून १२,६९०. पीयूवरचा रंग घरी होता, तो यात धरलेला नाही. सामान स्वस्तातलं घेऊन हजारभर वाचतील, पण मजुरी तेवढीच पडते आणि दोन पावसाळ्यांनी तीच पुन्हा द्यावी लागते.

मजुरीत सर्वांत मोठा वाटा जुनं काढण्याचा असतो, आणि भाव ठरवताना तेच वगळलेलं असतं. ‘जुन्यावरूनच मारून देतो’ म्हणणाऱ्याला काम देऊ नये. जुन्या सिलिकॉनच्या तेलकट थरावर पीयू धरत नाही. वरून छान दिसतं आणि पहिल्या उन्हाळ्यात साल निघावी तसं सुटून येतं. कटरने दोन्ही कडा कापायच्या, पट्टी ओढून काढायची, उरलेलं खरवडायचं, व्हाइट सिमेंट बारीक छिन्नीने उकरायचं आणि धूळ ब्रशने झाडायची. मग एका कापडाने अल्कोहोल लावून ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसायचं. एकाच कापडाने पुसलं तर मळ नुसता पसरतो. फ्रेमच्या पावडर कोटिंगवर, म्हणजे भाजून बसवलेल्या रंगावर, थिनर वापरू देऊ नये.

यानंतर बॅकर रॉड. १० मिलिमीटरच्या फटीत १२ किंवा १३ मिलिमीटरचा रॉड बोथट पट्टीने दाबून बसवायचा. टोकदार काही वापरलं की फोम फाटून सीलंटमध्ये बुडबुडे येतात. रॉडमुळे खोली आवरते, पण त्याहून मोठं काम म्हणजे सीलंट तळाला चिकटत नाही. दोन बाजूंना चिकटलेला सांधा ताणला जातो. तीन बाजूंना चिकटलेला मधोमध फाटतो. जिथे रॉड मावत नव्हता तिथे तळाशी प्लास्टिकच्या चिकटपट्टीची अरुंद फीत टाकून घेतली. दुकानदार आणि कारागीर दोघंही हा टप्पा अनावश्यक म्हणतील. तिथे ठाम राहावं.

टेप दोन्ही कडांना, प्रायमर फक्त प्लास्टरच्या बाजूला. नोझल ४५ अंशांत, फटीपेक्षा किंचित बारीक कापायचं आणि गन पुढे ढकलत न्यायची, म्हणजे माल आत भरतो. पाच-दहा मिनिटांत बोटाने किंवा पट्टीने दाबून किंचित खोलगट आकार द्यायचा आणि साय धरायच्या आत टेप काढायची. उशीर झाला तर कड फाटते. काम सकाळी करावं: दुपारी पश्चिमेची फ्रेम हात न लावण्याइतकी तापते आणि फुगल्यामुळे फट सगळ्यात अरुंद असते. दोन्ही सीलंट हवेतल्या ओलाव्यावर सुकतात, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. ६ मिलिमीटरला तीन दिवस कोरडे लागतात. मुंबईची पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. वळवाच्या सरी धरता मेच्या मध्यापर्यंत आटपलेलं बरं.

बाहेरून काम दोरीवरच्या, पट्टा लावलेल्या कारागिरांकडूनच करून घ्यावं. बॉक्स ग्रिलमध्ये उतरून कोणालाही करू देऊ नये, ते माणसाच्या वजनासाठी बांधलेलंच नसतं. सोसायटीला आधी लेखी कळवावं. आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चात येते, त्यामुळे प्लास्टरकडच्या सांध्याचा खर्च मागायला जागा आहे. मी फोटो आणि पावत्या जोडून अर्ज दिला आहे. मजुरीतले २,००० रुपये, चौथ्या दिवशी पुन्हा खालून वर पाणी मारून पाहिल्यावर दिले.