नात्याचा रकाना

परवा दुपारी हॉस्पिटलच्या काउंटरवर फॉर्म भरत होते. नाव लिहिलं, वय अंदाजाने टाकलं, पत्ता तर झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन, आणि ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यापाशी पेन अडलं. आत झोपलेले काका तसे माझे कोणीच नाहीत. बाबांच्या रोटरी क्लबातले काका. शेवटी ‘काका’ लिहून टाकलं तर काउंटरवरची मुलगी म्हणते, पण आडनाव वेगळं आहे की!

आमच्या लहानपणी काका-मावश्या दोन प्रकारचे असायचे, एक लग्नकार्यात भेटणारे आणि दुसरे दर आठवड्याला मीटिंगला भेटणारे. या दुसऱ्यांना आमचे मार्क, पडलेले दात, सगळं ठाऊक असायचं. आम्ही पोरं हॉलच्या मागच्या रांगेत, पुढे ती घंटा, आणि टेबलावर दंडाचा डबा. उशिरा आलात, टाका पैसे. क्लबची पिन लावायला विसरलात, टाका. आणि कुणाचं पोरगं पास झालं की तो आपणहून टाकायचा, वर दोन मिनिटं भाषणही ठोकायचा.

डोळे तपासणीच्या शिबिरात आम्हा पोरांना काम असायचं, आज्यांना हात धरून रांगेतून तक्त्यासमोर नेऊन बसवायचं. मला वाटायचं ही परीक्षाच आहे. एका आजीला खालची ओळ काही येईना, तिने माझं बोट असं घट्ट धरलेलं की मला राहवलं नाही, मी हळूच कानात अक्षरं सांगितली. आजी पास! हेच काका मागे उभे होते. ओरडले नाहीत, मला उचलून पार दुसऱ्या टोकाच्या खुर्चीवर ठेवलं आणि डॉक्टरांना म्हणाले, यांचं परत बघा हो, आमची पोरगी कॉपी पुरवतेय. आजीला चष्मा मिळाला. ‘आमची पोरगी’ मात्र मला चिकटलं ते चिकटलंच.

तसं बघितलं तर हे सगळं प्रकरण सुरूच झालं एकटेपणातून. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत चार जण भेटले, एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनिअर, एक शिंपी. वकील म्हणजे पॉल हॅरिस, लहानशा गावात आजी-आजोबांकडे वाढलेला, मोठ्या शहरात त्याला करमेना. आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात जमायचे म्हणून नाव रोटरी. समाजसेवा वगैरे नंतर आली, १९०७ मध्ये सार्वजनिक शौचालयासाठी खटपट केली तेव्हा. आधी फक्त दोस्ती. तो कोळसेवाला सिल्व्हेस्टर शील आणि हॅरिस, दोघं पुढे शेजारी राहिले, आणि दोघांना पुरलंही एकाच स्मशानभूमीत. सख्खे भाऊ तरी एवढं करतात का? (बायकांना मात्र मेंबर व्हायला १९८९ उजाडावं लागलं, तोवर आमच्या आयांनी शिबिरांची निम्मी कामं बिनपिनेची उरकली होती, हा माझा जुना राग आहे, असो.)

आणि कुटुंब म्हटलं की भाऊबंदकी आलीच. बाबा आणि हे काका गेली सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण काय, तर एका कार्यक्रमानंतर भाड्याच्या बारा खुर्च्या कमी भरल्या. मोजून कोणी घ्यायच्या होत्या यावर जे वाजलं ते वाजलंच. तेव्हापासून मीटिंगला शेजारी शेजारी बसतात, खुर्ची बदलायची नाही हा हट्ट दोघांचाही, आणि निरोप तिसऱ्यामार्फत. त्यांना म्हणावं माइक जरा खाली घ्या. त्यांना म्हणावं दिसतंय मला.

फॉर्म देऊन वर गेले तर बाबा खोलीबाहेरच्या बाकावर बसलेले. सकाळी सातपासून इथेच आहेत, नर्स म्हणाली, घरी जा म्हटलं तर ऐकत नाहीत. मला घेऊन आत आले, पलंगापासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, “त्यांना सांग, रिपोर्ट नॉर्मल आहे.”

काकांनी डोळेही उघडले नाहीत.

“त्यांना विचार,” म्हणाले, “खुर्च्या सापडल्या का.”