कोल्हापूर ते हॅवलॉक, स्कूबा किटसह: ‘खेळाचं सामान फुकट जातं’ यावर विसंबू नका

कोल्हापूरचे बहुतेक डाइव्हर मालवण-तारकर्लीला शिकतात, दोन-तीन वर्षांत स्वतःचं किट घेतात आणि मग अंदमानचं तिकीट काढतात. निघायच्या आधी कुणीतरी ठामपणे सांगतंच, की स्कूबा म्हणजे स्पोर्ट्स इक्विपमेंट, त्याचं वेगळं वजन धरत नाहीत. आम्हालाही तेच सांगितलं होतं आणि ते साफ चुकीचं निघालं. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर साधारणपणे चेक-इनला १५ किलो आणि केबिनला ७ किलो मिळतात, आणि बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जॅकेट), फिन्स (पोहताना पायात घालायची पाती), वेटसूट (ऊब धरणारा रबरी पोशाख) सगळं त्या १५ मध्येच मोजलं जातं. तिकिटावर वेगळी सवलत छापलेली नसेल तर काउंटरवर वाद घालून काही मिळत नाही. मागे रांग मात्र वाढते.

सगळ्यात मोठा फटका वजनाचा नाही, दोन वेगळ्या तिकिटांचा बसतो. उजळाईवाडीहून हैदराबादचं एक तिकीट आणि हैदराबाद ते पोर्ट ब्लेअरचं दुसरं, असं स्वस्तात जुळवलं की बॅग मध्येच बाहेर येते. ती पट्ट्यावरून उचलायची, पुन्हा काउंटरवर न्यायची, पुन्हा वजन, पुन्हा पैसे. हिशेब करून बघा. बॅग २२.४ किलो भरली, म्हणजे ७.४ किलो जादा, ते बहुधा ८ धरतात. किलोला ६०० रुपये धरले तर ४,८०० रुपये, आणि दोन तिकिटांवर ९,६०० रुपये. वर जीएसटी. हे फक्त जातानाचं. परतीला ओलं किट याहून जड असतं. एवढ्या पैशांत हॅवलॉक बेटावर आणखी एक-दोन डाइव्ह निघतात! त्यामुळे तिकीट एकाच पीएनआरवर काढा आणि बॅगेचा टॅग शेवटच्या विमानतळापर्यंत लागला आहे का ते काउंटर सोडायच्या आधी वाचा. टॅगवर आयएक्सझेड (IXZ, पोर्ट ब्लेअरचा कोड) ही अक्षरं हवीत. जादा वजन लागणारच असेल तर आदल्या दिवशी ऑनलाइन घ्या, काउंटरपेक्षा स्वस्त पडतं.

एका पीएनआरवर जमत नसेल तर आमचं स्पष्ट मत: रात्रीच्या स्लीपर बसने बंगळुरू गाठा आणि तिथून थेट पोर्ट ब्लेअरचं विमान पकडा. अंग आंबतं, पण बसमध्ये किलोचा हिशेब नसतो. डिकीत बॅग इंजिनच्या बाजूच्या पत्र्याला लागून ठेवू देऊ नका, उष्णतेने फिन्सचं पातं वाकतं आणि तसंच राहतं.

आता २२.४ किलो भरले कसे ते बघू, कारण चूक नेमकी तिथे होते. चाकांची कडक ट्रॉली ४.६, जाड रबरी फिन्स २.८, जॅकेट बीसीडी ४.२, ५ मिमीचा वेटसूट २.२, बूट ०.७, एसएमबी (पाण्यावर खूण दाखवणारा फुगा) आणि त्याच्या दोरीचं रील ०.७, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) गेजसकट ३.१, चाकू आणि सुटे भाग ०.७, कपडे ३.४. यातली ट्रॉली म्हणजे निव्वळ वाया गेलेलं वजन. त्याजागी सव्वा किलोची साधी डफल घ्या, फिन्स आडवी मावतील इतकी, म्हणजे ७० ते ७५ सेंटिमीटर लांबीची. अंदमानचं पाणी २७ ते ३० अंशांच्या दरम्यान असतं, त्यामुळे ५ मिमीची गरज नाही. ३ मिमीचा सूट १.४ किलोत बसतो. हलकी प्लास्टिक फिन्स १.९. रेग्युलेटर केबिनमध्ये. असं केलं की डफल १.२, हलकी बीसीडी ३.४, फिन्स १.९, बूट ०.७, सूट १.४, एसएमबी-रील ०.७, चाकू ०.३ आणि सुटे भाग ०.४ मिळून बरोबर १० किलो होतात. कपडे साडेतीन किलो धरले तरी दीड किलो शिल्लक. ते दीड किलो रिकामंच ठेवा, परतीला लागतं.

हुकाचा डिजिटल काटा घरात असू द्या. किराणावाल्याच्या तराजूवर लांब डफल नीट बसत नाही आणि आकडा कमी दिसतो. विमानतळावरचा काटा २००-३०० ग्रॅम जास्त दाखवू शकतो, म्हणून घरी १४.५ ला थांबा.

बीसीडी न्यायचीच का, हाही प्रश्न आहे. बहुतेक डाइव्ह सेंटरच्या दरात भाड्याचं किट धरलेलंच असतं. मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं यंत्र), रेग्युलेटर आणि सूट स्वतःचा असावा: मास्क चेहऱ्याला बसतो म्हणून, कॉम्प्युटरमध्ये तुमच्या डाइव्हची नोंद असते म्हणून, रेग्युलेटर दातांत धरायचा असतो म्हणून. बीसीडी अंगाला नीट बसणारी मिळत नसेल तरच न्या. शिशाची वजनं आणि सिलिंडर तिथेच मिळतात. छोटा पोनी (जादा हवेचा) सिलिंडरसुद्धा घरी ठेवा. रिकामा आणि व्हॉल्व काढलेला असला तरी प्रत्येक काउंटरवर तो समजावत बसावं लागतं. रेग्युलेटर डिन (सिलिंडरमध्ये आट्यांनी फिरवून बसणारा) असेल तर योक (सिलिंडरला बाहेरून पकडणारा) अडॅप्टर बरोबर घ्या, कारण भाड्याचे सिलिंडर बहुधा योकचेच असतात.

भरताना फिन्सच्या पायाच्या खोबणीतले प्लास्टिकचे साचे काढू नका. नसतील तर बूट कोंबा, नाहीतर खोबणी चपटी होऊन पाय चावतो. फिन्स बॅगेच्या दोन्ही कडांना उभी, मध्ये बीसीडी, त्याभोवती सूट. बीसीडीतलं पाणी पूर्ण काढा, पण हवा गच्च भरू नका. सामानाचा कप्पा केबिनइतकाच दाबाखाली असतो आणि तो दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशापर्यंत उतरतो. गच्च भरलेली हवा फुगून शिवणीवर ताण देते. चाकू, ॲलन की, पाना हे सगळं चेक-इनमध्ये. वेटसूट चिकटवायचं सोल्युशन ज्वलनशील असतं, ते कुठल्याच बॅगेत चालत नाही. आणि कांदा-लसूण मसाल्याचा डबा! कोल्हापूरकर तो नेतातच, पण डब्याला सुटलेलं तेल मास्कच्या सिलिकॉनला लागलं की डाग जात नाही. तीन पिशव्यांत बांधा आणि किटपासून लांब ठेवा.

केबिनच्या बॅगेत रेग्युलेटर, मास्क कडक डबीत, कॉम्प्युटर, टॉर्च, बॅटऱ्या, औषधं, चार्जर. बॅगेसकट सहा किलोच्या आसपास. रेग्युलेटरचे होज (रबरी नळ्या) मोठ्या वर्तुळात गुंडाळा. होज जिथे धातूच्या टोकात शिरतो तिथे घडी पडली की आतून चिरतो. एक्स-रेवर हे वर्तुळ आणि पितळी गोळा विचित्र दिसतो, त्यामुळे बॅग उघडायला लावणारच. रेग्युलेटर सगळ्यात वर ठेवा आणि एका वाक्यात सांगा, की पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र आहे, सिलिंडर नाही. ‘गॅस’ हा शब्द काढायची गरज नाही.

बॅटऱ्यांचा नियम नीट समजून घ्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक फक्त केबिनमध्ये. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. टॉर्चमधली ‘१८६५०’ मापाची बॅटरी ३.६ व्होल्ट गुणिले ३.५ ॲम्पिअर-अवर, म्हणजे १२.६ वॉट-अवर, कुठेच अडत नाही. पण टॉर्चमध्ये बॅटरी घालून नेऊ नका. डाइव्ह टॉर्च पाण्याच्या गारव्यावर अवलंबून असतो. बॅगेत चुकून पेटला तर कापड जळण्याइतका तापतो. बॅटरी काढा आणि प्लास्टिकच्या डबीत ठेवा, म्हणजे दोन टोकं कशाला टेकणार नाहीत.

कोल्हापूरहून सुटणारं विमान एटीआर (छोटं, पंख्यांचं) असेल तर इथे खरी अडचण येते आणि ती आधी कुणी सांगत नाही. वरचे कप्पे छोटे असतात. सात किलोच्या आत असलेली बॅगसुद्धा विमानाच्या शिडीपाशी काढून घेतात आणि मागच्या कप्प्यात टाकतात. त्या क्षणी बॅटऱ्या, पॉवर बँक आणि कॉम्प्युटर बाहेर काढावे लागतात, उन्हात, मागे लोक उभे असताना. म्हणून हे सगळं एका कापडी पिशवीत बॅगेच्या तोंडाशी ठेवा, एका हाताने ओढून काढता येईल असं. मास्कची डबीही त्यातच. रेग्युलेटर मात्र बॅगेत जाईल हे गृहीत धरून टॉवेलमध्ये गुंडाळलेला असू द्या.

पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजय पुरम, ते हॅवलॉक या फेरीबोटीच्या प्रवासात काही विशेष नाही. डाइव्ह छान झाल्या, चारही दिवस.

परतीचं नियोजन शेवटच्या डाइव्हपासून सुरू होतं. रोज अनेक डाइव्ह करत असाल तर अंगात विरघळलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून विमानाआधी किमान १८ तास डाइव्ह नको, डीकॉम्प्रेशन थांबे (वर येताना सक्तीने घ्यायचे थांबे) घेतले असतील तर त्याहून बरेच जास्त. आदल्या दिवशी सकाळच्या डाइव्हनंतर बंद, हेच बरोबर. याचा दुसरा फायदा किट वाळायला. नुसता टांगलेला सूट अंदमानच्या दमट हवेत एका रात्रीत वाळत नाही. गोड्या पाण्यात खंगाळून कोरड्या टॉवेलवर पसरवा, दोन्ही मिळून गुंडाळी करा आणि तिच्यावर पाय देऊन चाला, मग पंख्याखाली उलटा टांगा. ओल्या सुटात दीड किलोपर्यंत पाणी राहतं. ते रिकामं ठेवलेलं दीड किलो याचसाठी.

रेग्युलेटर धुताना फर्स्ट स्टेजचं (सिलिंडरला लागणाऱ्या भागाचं) डस्ट कॅप आधी फुंकून किंवा कापडाने कोरडं करून मगच घट्ट बसवा. ओलं कॅप लावलं की तो थेंब बॅगेत दोन दिवस आत बसतो. घरी आल्यावर कॅप काढून आतली वाटाण्याएवढी जाळी उजेडात बघा. ती चांदीसारखी दिसायला हवी. हिरवट झाक दिसली तर आत खारं पाणी गेलं आहे, पुढच्या डाइव्हआधी सर्व्हिसिंग करा, नुसतं पुसून चालणार नाही.

आणि हेच तास मालवणहून येतानाही पाळा. विमानाचा १८ तासांचा नियम ६१० मीटर उंचीपासून लागू होतो आणि आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे. दिवसभर डाइव्ह करून संध्याकाळी गाडी घाटात घालू नका. मालवणात रात्र काढा आणि १८ तास भरल्यावरच निघा.