चुंबकाला चिकटली म्हणून नापास! लष्करी काडतुसांचा माझा अनुभव

त्या नेमबाजीच्या रेंजच्या काउंटरवरचा चुंबक आठवला की अजून डोकं तापतं. माझ्याकडच्या एकूण एक गोळीत शिसं होतं, तरी मला परत पाठवलं. हरणाच्या सीझनआधी सराव करायचा म्हणून लष्कराच्या शिल्लक साठ्यातली काडतुसं घ्यायच्या विचारात कोणी असेल, तर त्याने पैसे भरण्याआधी हे वाचावं.

मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो, एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. आपल्यासारख्यांना इथे बंदूक काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. त्यातून सुटका देणाऱ्या मोजक्या सवलतींपैकी एक म्हणजे चालू शिकार परवाना. हंटर एज्युकेशनचा कोर्स, परवाना, दुकानातला ४४७३ फॉर्म (बंदूक घेताना भरायचा सरकारी अर्ज), सगळं सुरळीत झालं. रायफल घेतली .३०८ विंचेस्टर या काडतुसाची, दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची, म्हणजे बोल्ट अ‍ॅक्शन.

दुकानात जुना जर्मन माल पडून होता. ७.६२ × ५१ नाटो, बुडावर ‘डीएजी’ हा कारखान्याचा आणि वर्तुळातला क्रॉस हा नाटोचा शिक्का, सीलबंद प्लास्टिकच्या पिशवीत २०० काडतुसं. शिकारीच्या सॉफ्ट पॉइंटच्या (उघड्या शिशाच्या टोकाच्या, पसरणाऱ्या गोळीच्या) मानाने भाव फारच कमी. .३०८ बाजारात आली १९५२ साली, नाटोने ७.६२ स्वीकारलं १९५४ साली. बाहेरून दोन्ही काडतुसं जवळपास एकच, पण लष्करी रायफलींचं चेंबर (काडतूस बसण्याची पोकळी) थोडं लांब असतं आणि लष्करी पुंगळी जाड असते. म्हणून गनस्मिथकडून हेडस्पेस (बोल्ट बंद केल्यावर काडतुसासाठी राहणारी जागा) तपासून घेतला. १.६३० इंचाच्या ‘गो’ गेजवर बोल्ट बंद झाला, १.६३४ च्या ‘नो-गो’वर झाला नाही, म्हणजे माप बरोबर. मॅन्युअलही पाहिलं. .२२३ ची रायफल असेल तर हा हिशोब लावू नका. ५.५६ नाटोचं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये दाब धोक्याच्या पातळीला नेऊ शकतं.

आता ती रेंज. घराजवळची, बंदिस्त. जाण्याआधी फोन केला होता. लष्करी ७.६२ चालेल का, असं स्पष्ट विचारलं. ‘आर्मर पिअर्सिंग आणि ट्रेसर सोडून काहीही आणा,’ असं उत्तर मिळालं, म्हणजे चिलखत भेदणाऱ्या आणि उडताना जळत माग दाखवणाऱ्या गोळ्या सोडून. भिंतीवरच्या नियमांतही तेवढंच होतं. लेनचे (नेम धरायच्या जागेचे) पैसे आधी भरून घेतले, परत न मिळण्याच्या अटीवर. मग काउंटरवरच्या माणसाने खिशातून चुंबक काढून गोळीच्या टोकाला लावला. चिकटला. त्याने डबी माझ्याकडे सरकवली. ‘स्टील आहे, चालणार नाही.’

या जर्मन गोळीचा गाभा शिशाचा असतो. वरचं कवच मात्र पातळ पोलादाचं असून त्यावर तांब्याचा मुलामा असतो. चुंबक चिकटतो तो कवचाला. गाभ्यात पोलाद असलेली गोळी निराळी, उदाहरणार्थ रशियन ७.६२ × ५४ आर ची हलकी गोळी. आत काय आहे ते चुंबक सांगू शकत नाही. हे मी शांतपणे समजावलं. उत्तर एकच, ‘चिकटली ना? मग नाही.’ मागे रांग वाढत होती आणि लोक माझ्याकडे असे बघत होते जणू मी काहीतरी बेकायदा घेऊन आलोय. परदेशी नावाच्या माणसाला बंदुकीच्या दुकानात ही नजर जास्त टोचते, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. वर ‘आमच्याकडची काडतुसं विकत घ्या’ हा सल्लाही मिळाला, भाव जवळपास दुप्पट.

गनस्मिथने एक काडतूस खोलून दिलं. ती सुटी गोळी शिकंज्यात धरून करवतीने उभी कापली. आत करडं शिसं, वर नखाएवढं पातळ कवच. (हा उद्योग फक्त साध्या टोकाच्या गोळीवर. काळं टोक म्हणजे चिलखतभेदी, नारिंगी किंवा लाल म्हणजे ट्रेसर, त्यांना हातही लावू नका.) ते दोन तुकडे मॅनेजरसमोर ठेवले. तो म्हणाला, ‘ही एक पाहिली. बाकीच्यांचं काय?’ पोलादाने ठिणगी उडते, जमिनीवर साचलेली न जळलेली दारू पेट घेऊ शकते, मागचा गोळ्या अडवणारा पत्रा खराब होतो, अशी कारणंही त्याने दिली. कारणं खरी आहेत, बंद जागेत मलाही आग नको. पण मग ‘चुंबकाला चिकटणारं काहीही चालणार नाही’ हे एक वाक्य भिंतीवर लिहायला काय हरकत होती? फोनवर का नाही सांगितलं? पैसे घेण्याआधी चुंबक का नाही लावला? एकाचंही उत्तर मिळालं नाही आणि लेनचे पैसेही परत मिळाले नाहीत. मी तिथे पुन्हा पाऊल टाकलेलं नाही.

म्हणून फोनवर ‘सरप्लस चालतं का’ असं विचारू नका. ‘पोलादी कवच चालतं का, चुंबक लावता का’ असं विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. शेवटी एका मोकळ्या रेंजच्या क्लबने घेतलं. समोर मातीचा उंच बांध, अट एवढीच की लोखंडी टार्गेटवर या गोळ्या मारायच्या नाहीत. पहिली गोळी कागदात गेली तेव्हा फार बरं वाटलं.

आणखी एक. या गोळ्या फक्त सरावासाठी. पेनसिल्व्हेनियात हरणावर पूर्ण कवचाची गोळी चालत नाही, आत गेल्यावर पसरणारीच लागते. तसा नियम नसता तरी मी ती वापरली नसती. न पसरता आरपार जाणाऱ्या गोळीने जनावर जखमी होऊन लांब पळतं आणि हाल होऊन मरतं. माझी सरावाची गोळी १४७ ग्रेन वजनाची, शिकारीची १५० ची, तरी १०० यार्डांवर दोन्ही एका जागी लागत नाहीत. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलचा सीझन उघडतो, त्याआधी सॉफ्ट पॉइंटने पुन्हा झिरो करा, म्हणजे नेम जुळवून घ्या.

गावाकडे सिंधुदुर्गात काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक आहे. त्यांनी फोनवर विचारलं, ‘लष्करी बोअर सामान्य माणसाला देतातच कशी रे?’ भारतात .३०३ आणि ७.६२ हे बोअर (नळीचे व्यास) सामान्यांना प्रतिबंधित, म्हणून तर आपल्याकडे रायफलचा परवाना म्हटलं की .३१५.

जुनी काडतुसं घेणाऱ्यांनी प्रायमर (बुडातली दारू पेटवणारी टिकली) कोणता ते नक्की विचारावं. १९५० च्या आधीच्या बऱ्याच .३०-०६ (जुनं अमेरिकी लष्करी काडतूस) मध्ये आणि पूर्व युरोपातल्या मालात क्षार सोडणारा प्रायमर असतो. तो क्षार हवेतलं पाणी ओढतो आणि नळी गंजते. नुसत्या तेलाने तो जात नाही. आधी गरम पाणी, मग कोरडं करणं, मग तेल, आणि हे त्याच संध्याकाळी.

आणि एच-१बी वाल्यांनो, इथला शिकार परवाना ३० जूनला संपतो. बंदूक आणि काडतुसं घरात ठेवण्याचा तुमचा हक्क त्याच कागदावर उभा असेल, तर नवा परवाना त्याआधी हातात हवा.