डीपी अकरा दिवस बंद, आणि संत्र्याच्या कलमांचा पहिला हिवाळा

मागच्या डिसेंबरात आमच्या धुऱ्यावरची डीपी, म्हणजे पंपांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली आणि अकरा दिवस तशीच पडून राहिली. नेमकी तेव्हाच थंडीची लाट होती, आणि वावरात जुलैत लावलेली २७० संत्र्याची कलमं होती, धड कमरेएवढीही न झालेली. आता दसरा झाला, पहाटे अंगावर चादर लागते, आणि मला अजूनही वीज कंपनीचं ते ऑफिस आठवलं की राग येतो. यंदा ज्यांनी नवी लागवड केली त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आमचं गाव काटोल-वरुडच्या संत्रा पट्ट्यात. अडीच एकरात २० बाय २० फुटांवर जंबेरी या रानलिंबाच्या खुंटावर बांधलेली कलमं लावली. खड्डे, शेणखत, लागवड हे सगळं नीट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ठिबक मार्चनंतर करायचं ठरवलं होतं, म्हणून पाणी आळ्यांत पाटानेच देत होतो.

मोठं झाड थंडी सोसते, एक वर्षाच्या आतलं कलम सोसत नाही. १३ अंशांच्या खाली संत्र्याची वाढ थांबते. त्याचं काही वाटायचं कारण नाही, थांबलेलं झाड फेब्रुवारीत परत चालू होते. पण पारा फार खाली गेला की कोवळी पालवी काळी पडते. आमचे मामाजी, म्हणजे सासरे, २०१८ चा डिसेंबर विसरत नाहीत. त्या २९ तारखेला नागपूरला ३.५ अंश नोंदले गेले होते. आमच्या परसातल्या दोन्ही पपया त्याच हप्त्यात गेल्या, उकडलेल्या भाजीसारखी पानं लोंबत होती.

म्हणून मी दसऱ्यापासूनच तयारीला लागले होते. सोयाबीन निघालं की कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, फुकट असते, ते विकू नका, जाळू तर नकाच. प्रत्येक कलमाभोवती चार बोटं जाडीचा थर दिला. खोडाला मात्र लागू देऊ नका, वीतभर जागा मोकळी ठेवा. कुटार खोडाला भिडलं की साल कुजते, डिंक गळायला लागतो, आणि उधई आपोआप येते. कलमाच्या जोडाखाली जंबेरीचे फुटवे येतात, तेही याच दिवसांत हाताने मोडून टाका. पानं जरा वेगळी आणि काटे मोठे, ओळखू येतात. ठेवले तर दोन वर्षांनी तुमच्याकडे संत्रा राहत नाही, जंबेरी राहते.

विहिरीजवळ मामाजींच्या हातची बारा जुनी झाडं आहेत, त्यांच्या खोडाला बुरशी लागू नये म्हणून पावसाळा संपल्यावर बोर्डोमलम लावतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवायचं, लोखंडी घमेल्यात कधीच नाही. दोन्ही द्रावणं एकत्र केली की मामाजी त्यात विळ्याचं पातं बुडवतात आणि मनात साठपर्यंत मोजतात. पातं बाहेर काढलं आणि त्यावर तांबूस थर दिसला, तर अजून चुन्याची निवळी घालायची. पातं जसंच्या तसं चकचकीत निघालं तरच ब्रश हातात घ्यायचा. खोडाला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत निळा पट्टा. मला हे काम फार आवडते.

एक चूक माझ्याकडून झाली. शेजारच्या वावरवाल्या भाऊजींनी सांगितलं, "वहिनी, थोडा युरिया टाका, झाडं कशी तरारून येतील." मी कोजागिरीनंतर चाळीस कलमांना टाकला. तरारलीच ती. पोपटी, लुसलुशीत पालवी, पाहून जीव हरखला. थंडीत सगळ्यात आधी तीच चाळीस जळाली. पावसाळा सरला की नत्र बंद, हे मला आता कोणी सांगायची गरज नाही.

आता डीपीचं.

रविवारी रात्री लाईन रात्रपाळीची होती. अकरा वाजता आमचे हे मोटर चालू करायला गेले, धुऱ्याकडून मोठा आवाज झाला आणि सगळा अंधार. सकाळी पाहिलं तर डीपीच्या टाकीतून ऑइल खाली सांडलेलं, खालचं गवत काळं झालेलं. वायरमन दुपारी आले, खालूनच पाहिलं आणि म्हणाले, "जळाली. रिपोर्ट देतो." मी विचारलं, किती दिवस लागतील भाऊ? "सांगता नाही येत ताई, ऑफिसला भेटा."

मंगळवारी ऑफिसला गेले. बावीस किलोमीटर, एसटीने. साहेब साईटवर. बाबूंनी रजिस्टर उघडलंच नाही, तोंडीच म्हणाले, "तुमच्या डीपीवर अकरा पंप आहेत. बाकी किती आहे माहीत आहे का?" मी पिशवीतून पावती काढली. आमचं बिल भरलेलं होतं, सप्टेंबरचं सुद्धा. ती पावती त्यांनी हातात घेतली नाही. "तुमच्या एकटीचं भरून काय होते? डीपी सगळ्यांची आहे. सगळे भरा, मग पाहू." मी म्हटलं, माझी झाडं सहा महिन्यांची आहेत, रात्री आठ अंश होऊन राहिलं. ते म्हणाले, "सगळ्यांचीच झाडं आहेत ताई."

खरं सांगते, मला त्या वाक्याचा जेवढा राग आला तेवढा डीपी जळाल्याचा आला नाही. ज्याने भरलं त्याला पाणी नाही आणि ज्याने नाही भरलं त्यालाही नाही, मग भरायचं कशासाठी?

बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी घरोघरी फिरले. अकरापैकी चौघांचं भरलेलं होतं. दोघे नागपूरला राहतात, वावर ठेक्याने दिलेलं, ठेकेदार म्हणे बिल मालकाचं, मालक म्हणे ठेकेदाराचं. एका काकूंचा मुलगा पुण्याला, त्यांना बिल काय असते तेच माहीत नव्हतं, मीटर त्यांच्या वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. त्यांनी कनवटीची चंची सोडून पाचशेच्या दोन नोटा माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाल्या, "तू भर बाई, तुह्या झाडाले पाणी पाह्यजे." त्या नोटा घेताना मला कसंसंच झालं. शनिवारी जेवढे जमले तेवढे भरले, सगळ्या पावत्यांच्या झेरॉक्स काढल्या. सोमवारी परत गेले. आता उत्तर बदललं होतं: दुरुस्त डीपी शिल्लक नाही, यादीत तुमचा नंबर चौदावा. यादी दाखवा म्हटलं तर यादी साहेबांकडे.

त्या दिवशी स्टॅंडवर एसटीची वाट पाहताना मी रडले. भुकेने म्हणा, रागाने म्हणा.

रस्ता दाखवला तो गावातल्या एका म्हाताऱ्या काकाजींनी, जे लाईनमन म्हणून रिटायर झाले आहेत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तक्रार नंबर काय?" नंबर नव्हताच. वायरमनने रिपोर्ट दिला असेल या भरवशावर आम्ही आठ दिवस काढले होते. काकाजी म्हणाले, "मग तुमची डीपी कागदावर जळालीच नाही." वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांत खेड्यात जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलून द्यायला ४८ तासांची मुदत आहे, पण मुदत मोजायला तक्रारीची नोंद लागते. तोंडी सांगितलेलं कुठेच धरत नाहीत.

मंगळवारी मी दोन प्रतींत अर्ज घेऊन गेले. डीपीचं ठिकाण, बंद पडल्याची तारीख आणि वेळ, अकराही ग्राहक क्रमांक, भरलेल्या बिलांच्या पावत्या, आणि खाली एक ओळ की ४८ तासांच्या मुदतीचं काय झालं ते लेखी कळवावं. बाबू म्हणाले ठेवून जा. मी म्हटलं, आवक नंबर आणि शिक्का माझ्या प्रतीवर द्या, मग जाते. साडेबारा ते सव्वातीन मी तिथल्या बाकावर बसून होते. शिक्का मिळाला. गुरुवारी दुपारी फोन आला, डीपी तयार आहे, ट्रॅक्टर घेऊन या. आणायला ट्रॅक्टर आपलाच, चढवायला माणसं आपलीच. संध्याकाळी सात वाजता लाईन आली.

चौदावा नंबर दोन दिवसांत पहिला कसा झाला, ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

मधल्या दिवसांत कलमांचं काय केलं ते आता सांगते, कारण तेच जास्त कामाचं आहे. थंडीत पाणी कशाला, असं कोणी विचारते. ओली माती दिवसभराचं ऊन धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते, कोरडी माती पटकन थंड होते. शिवाय विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असते, पहाटे त्यातून वाफा निघताना दिसतातच. आम्ही समजत होतो की पाणी रात्रीच द्यायला पाहिजे, म्हणून डीपी गेल्यावर हातपाय गळाले. पण चुलतदिरांकडे सौर पंप आहे. तो रात्री चालत नाही, दिवसा चालतो. त्यांच्या हौदावरून दोनशे लिटरचे दोन ड्रम बैलबंडीवर ठेवून दुपारी चारपर्यंत पाणी आणलं. कलमाला दहा लिटर धरले तर २७० कलमांना २७०० लिटर, म्हणजे बंडीच्या सात खेपा. तीन दिवसांत एक फेरी पूर्ण व्हायची. दुपारी दिलेलं पाणी रात्रीच्या थंडीला पुरते, हे मला त्या ड्रमांनी शिकवलं. रात्री दोनला साप-विंचवांत बॅटरी घेऊन जायची गरजच नव्हती. तेवढे दिवस आळ्यातलं कुटार थोडं मागे ओढून ठेवा, मातीला ऊन लागलं पाहिजे. लाट ओसरली की परत पसरा.

दुसरं म्हणजे खोपटी. गेल्या हंगामाच्या तुराट्या गोठ्यामागे रचलेल्या होत्या. कलमाच्या तिन्ही बाजूंनी तुराट्या रोवायच्या, वर कडब्याच्या चार पेंढ्या तिरप्या टाकायच्या, पोत्याच्या सुतळीने बांधायचं. आग्नेयेची बाजू उघडी ठेवायची म्हणजे सकाळचं ऊन थेट आत येते. सासूबाई, मी आणि दोन बाया, दिवसाला पन्नास खोपट्या व्हायच्या. युरियावाल्या चाळीसना आधी बांधल्या. प्लास्टिक कोणी वापरत असेल तर पानाला टेकू देऊ नका, जिथे टेकते तिथेच पान जळते, आणि ऊन चढायच्या आत काढून ठेवा. त्यापेक्षा जुनं सुती लुगडं बरं. परसातला कढीपत्ता, मोगरा आणि मामाजींचा पानवेल मी लुगड्यांनीच झाकते, संध्याकाळी पाचला झाकून सकाळी आठला काढते.

धूर आम्ही दोन रात्री केला, पहाटे चारला ओला काडीकचरा पेटवून. वारा पडलेला असला तर धूर वावरावर बसतो, थोडी मदत होते. वारा असला तर सगळा शेजाऱ्याच्या घरात. आकाश निरभ्र आणि वारा बंद, अशा रात्रीला जपा. ढग असले तर निवांत झोपा.

अर्जाबद्दल एक राहिलं. डीपीच्या खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो आजच मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. आमच्या खांबावरचा अर्धा पुसला होता, आणि त्यावरून एक खेप वाया गेली.

जानेवारी सरता सरता बऱ्याच कलमांचे शेंडे काळे दिसत होते. हे म्हणाले छाटून टाकू, मामाजींनी हात धरला. थंडीतला काळा शेंडा लगेच छाटला की झाड खालून परत कोवळं फुटते आणि पुढच्या थंडीत तेही जाते. फेब्रुवारीच्या शेवटी प्रत्येक कलमाची साल मी नखाने खरवडून पाहिली. खाली हिरवं दिसलं तिथपर्यंत ठेवलं, तपकिरी दिसलं तिथून कापलं. २७० पैकी नऊ मेली, आणि त्यातली सात युरियाची. उरलेल्या २६१ वर होळीच्या आधी नवी पालवी होती. नऊच्या जागी या जुलैत नवी लावली आहेत. त्यांच्यासाठी तुराट्या काढून ठेवल्या आहेत, आणि शिक्का मारलेली ती अर्जाची प्रत देवघराच्या फळीवर.